पोटखराबा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये वाडीतली कामं, मग पाहुणे, मग नुसताच कंटाळा... कारणं नेहमीचीच. पण परवा जेवताना भाच्याशी वाद झाला आणि तो काही डोक्यातून जाईना. अर्धवट राहिलेला वाद ही माझी लिहिण्याची सगळ्यात जुनी सबब आहे :) तेव्हा भाचेबुवा, वाचत असशील तर हे तुझ्यासाठी. बाकीच्या मंडळींनी पंच व्हावं.

आमचा भाचा पुण्यात सौर ऊर्जेच्या कामात आहे. हुशार पोरगा, कामावर जीव असलेला. दोन दिवस रजा काढून आला होता. रात्री सोलकढी भुरकत भुरकत तो तरंगत्या सौर प्रकल्पांबद्दल सांगत होता. म्हणजे धरणाच्या पाण्यावर प्लास्टिकचे तराफे सोडायचे, त्यावर पॅनेल बसवायची, सगळं दोरखंडांनी आणि नांगरांनी जागच्या जागी बांधून ठेवायचं आणि वीज किनाऱ्यावर आणायची. आपल्याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणावर नवी मुंबई महापालिकेने १०० मेगावॅटचा असा प्रकल्प आणि जोडीला दीड मेगावॅटचं जलविद्युत केंद्र योजलं, तिथपर्यंत गाडी आली. मग तो म्हणाला, "मामा, यात कुणाचं काय जातंय सांगा? जमीन लागत नाही, झाड तोडायचं नाही, घर उठवायचं नाही. पाणी तर रिकामंच पडलंय!"

सासूबाई ओटीवर बसून दुसऱ्या दिवशीचे तांदूळ निवडत होत्या. त्या आमच्या बोलण्यात नव्हत्याच. मान वर न करता म्हणाल्या, "रिकामं कुठलं रे? आमचं घर आहे तिथं."

भाचा हसला. मला हसू आलं नाही.

सासूबाईंचं माहेर धरणात गेलं. कुठल्या धरणात ते सांगत बसत नाही, कारण अशी माहेरं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने तीच आहे. वैशाखात पाणी खाली गेलं की त्यांच्या घराचं जोतं वर येतं. विहिरीचा काठ दिसतो. एका वर्षी आम्ही त्यांना गाडीतून नेलं होतं. त्या बांधावरून बोट दाखवत होत्या... ते खळं, ती पाणंद, तिथे चिंच होती. मला समोर भेगाळलेला चिखल दिसत होता, त्यांना गाव दिसत होतं. त्यांच्या वडलांना मिळालेल्या मोबदल्याचा आकडा मी इथे लिहिणार नाही. लिहिला तर तुम्हाला टंकनातली चूक वाटेल.

तर मुद्दा असा.

पोटखराबा म्हणजे काय

नात्यातल्या शेतकरी मंडळींना सांगायला नको, पण शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र लिहिलेलं असतं आणि त्याच्याजवळ एक नोंद असते, 'पोटखराबा'. म्हणजे तुमच्याच जमिनीतला, पण पिकाच्या कामाचा नाही असा तुकडा. खडक, नाला, कातळ, ओहोळाची कड. कागदावर शून्य. आमच्याही सातबाऱ्यावर असा एक तुकडा आहे. त्या शून्यावर आजोबांच्या दोन म्हशी जगल्या. पावसाळ्यात गवत तिथलं, मे महिन्यात करवंदं तिथली, पावसाआधी सुकवायचं ते सगळं तिथल्या कातळावर. सरकारला काही दिसलं नाही म्हणजे तिथे काही नव्हतं असं नाही.

धरणाच्या पाण्याचं तेच झालंय. शंभर वर्षं आपण जलाशयाकडे पाण्याचा साठा म्हणून बघितलं. आता सौरवाल्यांना वरचा पृष्ठभाग दिसला आणि त्यांनी त्यावर शिक्का मारला... रिकामी जागा. पोटखराबा! माझी तक्रार पॅनेलांबद्दल नाही. माझी तक्रार या शिक्क्याबद्दल आहे. का, ते पुढे सांगतो. आधी भाच्याचं जे बरोबर आहे ते त्याला देऊन टाकतो, नाहीतर म्हणेल मामा रडीचा डाव खेळतो.

भाच्याचं बरोबर काय आहे

पुष्कळ काही बरोबर आहे.

शंभर मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला जमिनीवर चार-पाचशे एकर लागतात. कोकणात सलग पाचशे एकर मोकळं माळरान आणणार कुठून? मिळाली तर ती कुणाची तरी भातशेती असेल, नाहीतर डोंगर, नाहीतर खारजमीन. तेलंगणात रामागुंडमला एनटीपीसीने आपल्या औष्णिक केंद्राच्या जलाशयावर असा १०० मेगावॅटचा प्रकल्प २०२२ मध्ये पूर्ण केला. तो जवळजवळ ५०० एकरांवर पसरलाय. तो पाण्यावर झाला म्हणून तेवढी जमीन वाचली, हे खरंच आहे.

दुसरं म्हणजे पाण्यावर पॅनेल जरा थंड राहतात. पॅनेल तापलं की वीज कमी देतं, थंड असलं की थोडी जास्त.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. धरणावर जलविद्युत केंद्र असेल तर सूर्य आणि पाणी यांची जोडी जमते. दिवसा ऊन आहे तोवर सौर वीज घ्या, पाणी धरून ठेवा. संध्याकाळी दिवे लागले की पाणी सोडा, टर्बाइन फिरवा. वीज वाहून नेणारी लाइन एकच, दिवसा एकाची, रात्री दुसऱ्याची. पोर्तुगालने आल्तो रबागाओ धरणावर २०१६ मध्ये हे लहान प्रमाणात करून बघितलं. थायलंडने सिरिंधोर्न धरणावर २०२१ मध्ये ४५ मेगावॅटचं केलं. आपल्याकडे मध्य प्रदेशात नर्मदेवर ओंकारेश्वरला झालं. मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरणासाठी २० मेगावॅट पाण्याचे आणि ८० मेगावॅट उन्हाचे अशीच जोडी ठरवली. आणि ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही बरं का. लोणावळ्याच्या वळवण तलावावर छोटासा तरंगता प्रयोग करायचं टाटा पॉवरने २०११ मध्येच जाहीर केलं होतं. त्याच वळवणचं पाणी खाली खोपोलीच्या वीजकेंद्रात येतं.

चौथं माझ्या स्वतःच्या अंगावर येणारं आहे. अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंडला कोळशावरचा मोठा औष्णिक प्रकल्प यायचा होता, तेव्हा तो नको म्हणणाऱ्यांत मी होतो. तो झाला नाही. मला त्याचा आजही आनंद आहे. पण मग घरात पंखा फिरतोच आहे ना? वाडीतला पंप चालतोच आहे. कोळसा नको, अणू नको, जमिनीवर सौर नको, पाण्यावरही नको... असं म्हणणाऱ्याने रात्री कंदील लावून बसावं. आमचे काही पर्यावरणवादी मित्र आहेत, नावं घेत नाही, त्यांना प्रत्येक प्रकल्पात कट दिसतो. त्यांच्या बाजूने मी या वेळी उभा राहणार नाही. मोरबेवर पॅनेल बसावीत असंच मला वाटतं.

झालं भाचेबुवा? आता माझी पाळी.

फायद्याचा हिशेब जरा मांडून बघू

तरंगत्या सौर प्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीत एक वाक्य असतंच... बाष्पीभवन थांबतं, लाखो घनमीटर पाणी वाचतं. वाचतं, खोटं नाही. रामागुंडमच्या वेळी सरकारने आकडा दिला होता, वर्षाला सुमारे ३२.५ लाख घनमीटर. ऐकायला समुद्र वाटतो. आता तेवढंच मोरबेला वाचेल असं धरून चालू. मोरबेची पाणीपुरवठ्याची क्षमता दिवसाला ४५० दशलक्ष लिटर, म्हणजे साडेचार लाख घनमीटर. भागाकार करा. सात दिवस! म्हणजे आख्ख्या वर्षात नवी मुंबईचं एका आठवड्याचं पाणी. तेही वरचढ धरून, कारण तेलंगणाचं ऊन आणि आपल्या जून ते सप्टेंबरच्या धुवाधार पावसातलं आभाळ यात फरक आहे. एक आठवडा चांगलाच आहे, मे महिन्यात तर सोन्यासारखा. पण 'पाणी वाचवण्यासाठी प्रकल्प' म्हणण्याइतका नाही. प्रकल्प विजेसाठी आहे, आणि वीज विकली जाते. तेव्हा हा धंदा आहे, असं सरळ म्हणावं. धंद्यात लाज काही नाही. फक्त धंद्यात भागीदार कोण हे आधी ठरतं.

शिक्का मारला की काय काय गायब होतं

आता ते शिक्क्याचं.

धरण बांधायचं असतं तेव्हा निदान कागदावर तरी माणसं असतात. बुडणारी गावं, घरांची यादी, पुनर्वसनाचा कायदा, जनसुनावणी. वचनं पाळली जातात की नाही हा वेगळा विषय, पण वचन द्यावं लागतं. २००८ च्या केंद्रीय जलविद्युत धोरणात तर दोन बऱ्या गोष्टी आहेत. एक टक्का वीज स्थानिक विकासासाठी, आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबाला महिन्याला १०० युनिट वीज दहा वर्षं.

तरंगत्या सौर प्रकल्पात काय होतं? कुणी विस्थापित होत नाही, म्हणून प्रकल्पग्रस्त नाहीत. प्रकल्पग्रस्त नाहीत म्हणून वाटाही नाही. पॅनेलच्या सौर प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण परिणामांच्या अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी लागत नाही, म्हणून त्या वाटेने होणारी जनसुनावणीही नाही. तलावाचा मालक आणि ठेकेदार यांच्यात करार होतो, निविदा निघते, तराफे पाण्यात पडतात. सगळं कायदेशीर. आणि काठावरच्या माणसाला कळतं कधी? नांगर टाकायला बार्ज आली की.

काठावर कुणी नसतं असं समजू नका. पहिले, जे बुडाले ते. मोरबेच्या पाण्याखालीही गावं आणि आदिवासी वाड्या आहेत, आणि तिथल्या धरणग्रस्तांनी आपल्या हक्कांसाठी पुन्हा पुन्हा आंदोलनं केली आहेत. दुसरे मासेमारी करणारे. कित्येक जलाशयांवर त्यांची पोटं आहेत. तिसरे गाळपेरवाले. हा शब्द शहरात कुणाला माहीत नाही म्हणून सांगतो. जलाशयाचं पाणी उन्हाळ्याकडे उतरायला लागलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात लोक पेरतात. तीच गाळपेर. जायकवाडीसारख्या धरणांवर ती पिढीजात झाली आहे. आता ज्या पृष्ठभागाचे तुम्ही नकाशे काढताय तो ऑक्टोबरात पाणी असतो आणि एप्रिलमध्ये कुणाचं तरी शेत असतो. तराफ्यांचे दोर आणि नांगर त्या उतारावर येणार. मग गाळपेर कुठे करायची?

जायकवाडीचं नाव घेतलंच आहे तर तिथे काय झालं तेही सांगतो. पैठणच्या नाथसागरावर मोठ्या तरंगत्या सौर प्रकल्पाचा घाट घातला गेला. हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि २०१७ मध्ये त्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. तिथे वीजही होते, पैठणला १२ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. कहार समाजाची पंचक्रोशीतली संघटना, म्हणजे पाण्यावर जगणारी माणसं, हरित लवादाकडे गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये लवादाने त्यांची याचिका फेटाळली. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेतच अपारंपरिक ऊर्जेला प्रोत्साहन द्यायचं लिहिलंय, हा आधार होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दखल द्यायला नकार दिला आणि असं अडवत राहिलं तर देश पुढे कसा जाणार अशा अर्थाचा प्रश्न विचारला.

न्यायालयाचा मान राखून मला एक साधा प्रश्न पडतो. देश पुढे जाणार, छानच. त्या गाडीत कहार आहे का? की तो नेहमीसारखा फलाटावर?

आणि एक बघा. त्या लोकांना न्यायालयात जावं लागलं यातच सगळं आलं. आधी कुणी विचारलं असतं तर कदाचित भांडण मार्गिका किती रुंद ठेवायच्या आणि कुठला भाग मोकळा सोडायचा एवढ्यावरच मिटलं असतं. विचारलं नाही की मग माणसाकडे 'नको' हा एकच शब्द उरतो. तो शब्द आपणच त्याच्या तोंडात घालतो आणि मग त्याला विकासविरोधी म्हणतो.

आमच्या खाडीत मुळशीचं पाणी

मी हे सगळं रेवदंड्याजवळ बसून का लिहितोय? मोरबे आमच्यापासून कितीतरी लांब आणि पैठण तर घाटापलीकडे. त्याचं कारण आमची कुंडलिका.

मुळशीच्या तलावातलं पाणी खरं तर पूर्वेला, भीमेकडे जायचं. टाटांनी सह्याद्रीच्या कड्यावरून ते पश्चिमेला खाली सोडलं. रायगड जिल्ह्यात भिऱ्याचं केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. त्याआधी खोपोली १९१५ आणि भिवपुरी १९२२. तिन्ही केंद्रं आपल्या जिल्ह्यात घाटाच्या पायथ्याशी, तलाव मात्र वर मावळ-मुळशीत. भिऱ्याहून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं. त्यावर कोलाडला सकाळी पर्यटकांच्या रबरी होड्या उड्या मारतात, रोह्याचे कारखाने चालतात, आणि शेवटी ते रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळतं. म्हणजे आम्ही किनाऱ्यावरची माणसं शंभर वर्षं मुळशीकरांच्या पाण्याचे शेवटचे वारसदार आहोत. ज्यांची गावं बुडाली त्यांना आम्ही कधी पाहिलं नाही, पण त्यांच्या पाण्यावर भिजलो.

आणि त्यांनी भांडण केलं होतं बरं. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मुळशीचा सत्याग्रह. पां. म. बापट त्यातूनच सेनापती बापट झाले. मावळे शेतकरी, बायाबापड्या तुरुंगात गेल्या. १९२४ पर्यंत लढा मोडला, धरण झालं, मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे विजेवर धावल्या. त्या विजेने मुंबई उभी राहिली हे मी नाकारत नाही. पण तेव्हाही युक्तिवाद हाच होता ना? मूठभरांचं थोडंसं जाईल आणि देश पुढे जाईल. शंभर वर्षांनी शब्द बदलले. तेव्हा निदान 'मूठभर' तरी म्हणायचे. आता 'रिकामं' म्हणतात. मुठीतलेही गळाले.

म्हणून मला भाच्याच्या त्या एका वाक्याचा एवढा राग आला. पोरगा वाईट नाही. त्याने ते वाक्य कुठल्या तरी सादरीकरणात वाचलेलं असणार. पण वाईट गोष्टी बहुतेक वेळा चांगल्या पोरांच्या तोंडूनच होतात.

मग मागायचं काय?

नुसतं रडगाणं गाऊन थांबलो तर मीही त्या मित्रांच्यातलाच. तेव्हा माझं मागणं लिहून देतो.

पहिलं, विचारा. कायद्याने सुनावणी लागत नसली तरी कायद्याने ती करायला मनाईही नाही! निविदेआधी काठावरच्या गावांच्या ग्रामसभा घ्या, नकाशा मराठीत लावा, आणि पुनर्वसन होऊन लांब गेलेल्यांनाही बोलवा. आपल्या रायगडात याची सवय आहे. सेझच्या वेळी २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत लोकांचं मत घेतलं गेलंच की. लोकांना विचारलं म्हणून आभाळ कोसळलं नाही.

दुसरं, वाटा द्या. शंभर मेगावॅटपासून वर्षाला साधारण १७ कोटी युनिट मिळतील असं धरू (भाच्याने मान डोलावलेला अंदाज आहे, माझा नाही). युनिटमागे फक्त दहा पैसे बाजूला काढा. वर्षाला एक कोटी सत्तर लाख होतात. धरणग्रस्तांच्या मुलांची शिक्षणं, वाड्यांवरचं पाणी, एखादा दवाखाना, सगळं त्यात बसेल. दहा पैशांनी कुठल्याही महापालिकेचं दिवाळं निघत नाही. उरण-पनवेलच्या भूमिपुत्रांना जमिनीतला वाटा मिळावा म्हणून १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच माणसं पोलिसांच्या गोळीने गेली, दि. बा. पाटलांनी लढा चालवला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के आले. ज्या शहराची जमीन साडेबारा टक्के देऊन मिळाली त्या शहराला वाटा म्हणजे काय हे मी शिकवायला नको. मी तर साडेबारा टक्केही मागत नाहीये. दहा पैसे मागतोय.

तिसरं, मर्यादा ठरवा. पाण्याचा किती भाग झाकायचा हे आधी लिहून द्या. थोडा झाकला तर शेवाळ कमी होतं, फायदाच. फार झाकला तर खाली उजेड नाही, हवा खेळत नाही, पाण्यातला प्राणवायू उतरू शकतो. हे पिण्याचं पाणी आहे. दर महिन्याला मोजा आणि आकडे सगळ्यांना बघता येतील असे लावा. मासेमारी असेल तिथे मार्गिका सोडा, गाळपेर असेल तिथे उताराचा काठ सोडा.

चौथं, वाऱ्याचा विचार करा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा आमच्या वाडीतल्या माडांचं काय झालं ते मी तेव्हाच लिहिलं होतं, पुन्हा लिहायची हिंमत नाही. दिवसचे दिवस अंधार होता. मोरबे समुद्रापासून आत आहे हे खरं, पण ओंकारेश्वर तर समुद्रापासून कितीतरी लांब, आणि तिथल्या तरंगत्या पॅनेलांचं एप्रिल २०२४ मध्ये वादळी वाऱ्याने नुकसान केलंच. जपानमध्ये यामाकुरा धरणावर २०१९ च्या वादळात पॅनेल एकमेकांवर चढली आणि आग लागली. तुटलेली पॅनेल, तारा, प्लास्टिक पिण्याच्या पाण्यात पडलं तर काढणार कोण आणि पैसे कुणाचे, हे करारात आधी लिहा. नंतर ठेकेदार फोन उचलत नाही, हा अनुभव गावातल्या साध्या नळयोजनेपासून सगळ्यांना आहे.

बस्स. चारच गोष्टी. यातली एकही प्रकल्प थांबवणारी नाही. सगळ्या मिळून प्रकल्प एखाद्या वर्षाने लांबला तर लांबू दे. मुळशीवाले शंभर वर्षं थांबलेत.

भाच्याचं उत्तर

हे सगळं मी त्याला त्या रात्री एवढं नीट सांगू शकलो नाही. आवाज चढला, बायकोने दोघांनाही दटावलं, आणि ताटं उचलली गेली. सकाळी निघताना तो म्हणाला, "मामा, तुमचं दहा पैशांचं मला पटतंय. पण असा रकानाच नसतो हो आमच्या तक्त्यात."

आता यावर काय बोलायचं? मी म्हटलं, "अरे, सातबाऱ्यावर असतो की. 'इतर हक्क'. कूळ, बोजा, वहिवाट, विहिरीचा वाटा, सगळं तिथे लिहितात. जमिनीचा मालक कुणीही असो, तिच्यावर दुसऱ्याचाही काही हक्क असू शकतो, हे आपल्या तलाठ्याला कळतं. मग तुमच्या संगणकाला का कळू नये? घाल एक रकाना."

तो काही बोलला नाही. गाडीत बसण्याआधी सासूबाईंच्या पाया पडायला गेला. त्यांनी हातावर गूळपोळ्यांचा डबा ठेवला आणि विचारलं, "तुझी ती काचेची फळकुटं टाकणार तेव्हा मे महिन्यात जोतं दिसेल ना रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. हा प्रश्न मला नव्हता.

"बघतो आजी," म्हणाला. "तेवढा भाग मोकळा ठेवायला सांगतो."

त्याच्या हातात ते नाही, त्यालाही माहीत आहे आणि मलाही. सासूबाईंच्या धरणावर तर असा कुठला प्रकल्पही अजून कुणी काढलेला नाही. पण निदान एका इंजिनिअरने आयुष्यात एकदा पाण्याकडे बघून तिथे काहीतरी आहे असं मान्य केलं. सुरुवात म्हणून मला ते पुरेसं आहे.

असो. फार लांबलं. सुपारी सोलायची राहिलीय. बाकी पंचांनी आपला कौल द्यावा. भाच्याच्या बाजूने दिलात तरी चालेल, फक्त 'रिकामं' हा शब्द न वापरता द्या.